घर नाकारलं तर दाद कुठे मागायची? न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाचं काम

जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा आमच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. मुलगा अभ्यासात चांगला, शाळेत रमलेला. आम्ही विचारलं, "भाई, एवढ्यात का काढताय त्याला?" ते म्हणाले, घरमालकाने घर विकायला काढलंय आणि शाळेच्या आसपास दुसरं घर मिळत नाही. दोन महिने शोधलं. फोनवर भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं आणि शेवटी प्रश्न यायचा, "नाव काय म्हणालात?" नाव सांगितलं की समोरचा म्हणायचा, "घरात विचारून कळवतो." तो फोन परत कधी आला नाही. एका एजंटने तेवढं सरळ सांगितलं, "सोसायटीवाले नको म्हणतात, माझा नाइलाज आहे." शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला नातेवाइकांच्या शेजारी खोली मिळाली. तिथून रोज आमच्या शाळेत येणं त्या पोराला जमणार नव्हतं.

आम्ही त्यांना मास्तरी सवयीने विचारलं, "तारखा, नावं, मेसेज, काही लिहून ठेवलंय का?" ते हसले. म्हणाले, "सर, ना बोलनेवाला कागज पे थोडी लिख के देता है?"

त्या दिवशी आमच्याकडे याचं उत्तर नव्हतं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. नकार नेहमी तोंडी असतो, हसून दिलेला असतो, कधी कधी तर माफी मागून दिलेला असतो. मग तो सिद्ध कसा करायचा, कोणापुढे करायचा? जगात कुठल्या शहराने यावर काही व्यवस्था उभी केली आहे का? स्टाफरूममध्ये यावर बरीच चर्चा झाली, मग आम्ही वाचायला लागलो. त्यातून न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाची जी माहिती हाती आली, ती आज वाचकांपुढे ठेवतो आहोत.

सरकारचा नाही, शहराचा आयोग

मानवी हक्क आयोग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिल्ली किंवा मुंबई येते. एक देशाचा आयोग, एक राज्याचा. न्यूयॉर्कचा आयोग मात्र शहराच्या कारभाराचा भाग आहे. जसा पाणीपुरवठा विभाग, जसा आरोग्य विभाग, तसाच हा. शहराच्या सनदेप्रमाणे आयोगावर १५ सदस्य असतात आणि महापौर त्यांना नेमतात. अध्यक्ष पूर्णवेळ काम करतात, बाकीचे सदस्य मानधनाशिवाय. खाली वकील, तपास अधिकारी आणि वस्त्यांमध्ये फिरणारे कर्मचारी आहेत.

तिथला महापौर आपल्याकडच्या महापौरासारखा सभेपुरता नसतो. शहराचा सगळा कारभार त्याच्या हाताखाली चालतो. आणि शहराची कौन्सिल स्वतः कायदे करते. त्यामुळे ८० लाखांहून जास्त वस्तीच्या या शहराकडे मानवी हक्कांचा स्वतःचा वेगळा कायदा आहे, जो देशाच्या कायद्यापेक्षा अनेक बाबतींत पुढे आहे. हे सगळं एका दिवसात झालं नाही. त्यामागे एक दंगल आहे.

हार्लेमची ती रात्र

१ ऑगस्ट १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, म्हणजे काळ्या लोकांच्या मोठ्या वस्तीत, एका हॉटेलात पोलीस एका काळ्या बाईला अटक करत होता. सुट्टीवर आलेला एक काळा सैनिक मध्ये पडला. पोलिसाची गोळी त्याच्या खांद्याला लागली. सैनिक वाचला, पण वस्तीत अफवा पसरली की पोलिसाने सैनिकाला ठार मारलं. रात्रभर दुकानं फुटली. सहा जण मेले, शेकडो जखमी झाले.

अफवा निमित्त होती. खरं कारण म्हणजे वर्षानुवर्षांचा राग. काळ्या माणसाला शहराच्या ठराविक भागांतच घर मिळायचं, तेही पडकं आणि जास्त भाड्याचं. कारखान्यात चांगली नोकरी द्यायला नकार. सैन्यात भरती करून घेतात, पण शहरात घर देत नाहीत, ही ती चीड होती.

पुढच्या वर्षी, १९४४ मध्ये, महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी एक 'ऐक्य समिती' नेमली. आपल्याकडे सणासुदीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक होते, चहा होतो, 'सगळे मिळून-मिसळून राहू या' असं ठरतं, साधारण तशीच. समिती सल्ला द्यायची, अहवाल लिहायची. कोणाला नोटीस काढायचा अधिकार तिला नव्हता.

१९५५ मध्ये शहराने कायदा करून या समितीच्या जागी कायमचा आयोग बसवला. पण खरी उडी होती १९५७ ची. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या कौन्सिलने खाजगी घरं भाड्याने देताना किंवा विकताना वंश, रंग, धर्म बघून भेदभाव करायला बंदी घातली. अमेरिकेत खाजगी घरांबाबतचा असा हा पहिला कायदा. त्यावर मोठं वादळ झालं. 'माझं घर आहे, मी कोणाला द्यायचं ते मी ठरवीन,' हा युक्तिवाद तिथेही अगदी याच शब्दांत झाला होता. देशाचा असा कायदा यायला १९६८ साल उजाडलं. म्हणजे देशाच्या ११ वर्षं आधी एका शहराने हे पाऊल टाकलं.

१९६२ मध्ये आयोगाला आजचं नाव मिळालं आणि १९६५ मध्ये घर, नोकरी आणि सार्वजनिक जागा हे सगळं एका कायद्याखाली आलं. १९७० ते १९७७ या काळात एलेनॉर होम्स नॉर्टन या काळ्या समाजातल्या वकील बाई आयोगाच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी बड्या कंपन्यांच्या नोकरभरतीवर जाहीर सुनावण्या घेतल्या. पुढे त्यांनाच देशाच्या रोजगार समानता आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. १९९१ मध्ये, शहराचे पहिले काळे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांच्या काळात, कायदा जवळजवळ नव्याने लिहिला गेला आणि पीडित माणसाला थेट कोर्टात जाण्याचा रस्ता उघडला. २००५ मध्ये कौन्सिलने आणखी एक गोष्ट पक्की केली. देशाचा कायदा म्हणजे जमीन, छत नव्हे. शहराचा कायदा त्याच्या वर जाऊ शकतो, खाली येऊ शकत नाही, आणि कोर्टांनी त्याचा अर्थ पीडिताच्या बाजूने उदारपणे लावावा.

सल्ला देणाऱ्या समितीपासून दंड करणाऱ्या आयोगापर्यंत यायला साधारण पन्नास वर्षं लागली, हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

कुठे लागू, कोणाला लागू

आयोगाचं काम मुख्यतः तीन ठिकाणी चालतं. नोकरी, घर आणि सार्वजनिक जागा. सार्वजनिक जागा म्हणजे दुकान, हॉटेल, दवाखाना, टॅक्सी, शाळा, जिथे लोक सेवा घ्यायला जातात ते सगळं. धर्म, वंश, रंग, मूळ देश, लिंग, वय, अपंगत्व, वैवाहिक स्थिती, घरात लहान मुलं असणं, असे दोन डझनांहून जास्त आधार कायद्यात लिहिलेले आहेत. यांपैकी कशावरूनही माणसाला वेगळी वागणूक देता येत नाही. माणूस कुठल्या देशाचा नागरिक आहे किंवा त्याच्याकडे कागदपत्रं आहेत की नाहीत, यावरून त्रास देणंही यात येतं. २०१९ मध्ये आयोगाने मार्गदर्शिका काढून सांगितलं की भाडेकरूला धमकवायला 'इमिग्रेशनवाल्यांना बोलावतो' म्हणणं हासुद्धा कायद्याचा भंग आहे.

नोकरीचे बहुतेक नियम चार किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला लागू होतात. लैंगिक छळाच्या बाबतीत मात्र एकच नोकर असला तरी कायदा लागू. २०२२ पासून घरकाम करणाऱ्या बायकांनाही संरक्षण मिळालं. आपल्याकडे कामवाली बाई किती कायद्यांच्या बाहेर राहते ते आपण बघतोच, म्हणून हे नमूद केलं.

धर्माच्या बाबतीत एक बारकावा समजून घेण्यासारखा आहे. मालकाने नुसता भेदभाव करायचा नाही, एवढ्यावर कायदा थांबत नाही. कामगाराच्या धर्मपालनासाठी मालकाने वाजवी सोय करून दिली पाहिजे, असं तो म्हणतो. कामाच्या मध्ये नमाजासाठी थोडा वेळ, शुक्रवारची पाळी बदलून घेणं, हिजाब, दाढी, शिखांची पगडी, ज्यूंचा शब्बाथ, हे सगळं यात बसतं. 'जमत नाही' एवढं म्हणून मालकाला सुटता येत नाही. २०११ मध्ये कौन्सिलने हा नियम आणखी कडक केला. खरोखरच मोठा खर्च किंवा मोठी अडचण होते, हे मालकाने दाखवावं लागतं. सिद्ध करायचं ओझं कामगारावर नाही, मालकावर.

घराच्या बाबतीत मालक, एजंट, बिल्डिंगचा मॅनेजर आणि आपल्या सोसायटीसारखी सहकारी गृहसंस्था, सगळे कायद्याच्या कक्षेत येतात. थोड्या सवलती आहेत. मालक स्वतः राहतो त्याच घरातली एक खोली भाड्याने देत असेल, किंवा दोन कुटुंबांच्या छोट्या घरात स्वतः राहून दुसरा भाग जाहिरात न देता देत असेल, तर कायदा त्यात पडत नाही. पण बाजारात जाहिरात टाकून घर भाड्याने देणं हा धंदा आहे, आणि धंद्याला नियम आहेत.

शिवाय सरकारी भाडे-मदत घेणाऱ्याला 'आम्ही अशांना देत नाही' असं म्हणायला २००८ पासून बंदी आहे. याच मुद्द्यावर २०२४ मध्ये ब्राँक्स भागातल्या एका मोठ्या वसाहतीच्या प्रकरणात १० लाख डॉलरचा दंड ठरला आणि ८५० घरं अशा मदतीवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी राखून ठेवायचं कबूल करून घेतलं गेलं.

तक्रार कशी पुढे जाते

समजा, न्यूयॉर्कमध्ये एखाद्या बाईला हिजाबमुळे घर नाकारलं. ती ३११ नंबरवर फोन करते, किंवा आयोगाच्या वेबसाइटवर अर्ज भरते, किंवा ऑफिसात जाते. फी नाही. वकील आणायची सक्ती नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते (कामाच्या ठिकाणी लिंगावरून झालेल्या छळासाठी तीन वर्षं).

घराचं प्रकरण असेल तर घाई असते, कारण घर दुसऱ्याला दिलं की संपलं. म्हणून अनेकदा आयोगाचा माणूस तक्रार रीतसर नोंदवण्याआधीच मालकाला फोन करतो, कायदा काय सांगतो ते समजावतो. कितीतरी प्रकरणं या एका फोनवर मिटतात. शहराच्या ऑफिसातून फोन आला की 'घरात विचारून कळवतो' म्हणणारा माणूस जरा विचार करून बोलतो.

तिथे मिटलं नाही तर तक्रार दाखल होते. समोरच्याला नोटीस जाते आणि ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. बघा, इथे पहिल्यांदा तोंडी नकार कागदावर येतो. मालकाला कारण लिहून द्यावं लागतं. घर आधीच गेलं होतं? मग भाडेकरार दाखवा, तारीख दाखवा. पगार कमी होता? मग ज्याला घर दिलं त्याचा पगार किती होता? आयोग कागदपत्रं मागवतो, साक्षीदारांशी बोलतो, गरज पडली तर समन्स काढतो.

आणि आमच्या त्या पालकांच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर आम्हाला इथेच सापडलं. आयोगाकडे 'टेस्टर' असतात, म्हणजे परीक्षा घेणारी माणसं. दोन माणसं निवडतात, पगार सारखा, नोकरी सारखी, कुटुंब सारखं. फरक एकच, एकाचा रंग किंवा नाव किंवा पोशाख वेगळा. दोघं एकाच घराची चौकशी करतात. एकाला सांगितलं 'घर गेलं' आणि दुसऱ्याला त्याच दिवशी 'कधी बघायला येता?' असं विचारलं, तर पुरावा तयार झाला. दोघांच्या नोंदींवर तारीख आणि वेळ असते. नकार देणाऱ्याने काही लिहून दिलं नाही, तरी त्याचं वागणं लिहून घेता येतं.

तपासानंतर आयोगाचा कायदा विभाग ठरवतो की तक्रारीत तथ्य दिसतं की नाही. नाही म्हटलं तर तक्रारदार अध्यक्षांकडे अपील करू शकतो. तथ्य आहे असं ठरलं तर प्रकरण शहराच्याच एका वेगळ्या सुनावणी कार्यालयात जातं. तिथले न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकून आपला अहवाल देतात आणि शेवटचा आदेश आयोग काढतो. तो आदेश मान्य नसेल तर कोर्टात जाता येतं. कुठल्याही टप्प्यावर समेट होऊ शकतो. आयोगाकडे त्यासाठी मध्यस्थीची वेगळी सोय आहे, आणि बरीच प्रकरणं शेवटी तडजोडीने संपतात.

दंड १,२५,००० डॉलरपर्यंत, आणि जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलं असेल तर २,५०,००० डॉलरपर्यंत. हा दंड शहराच्या तिजोरीत जातो. तक्रारदाराला नुकसानभरपाई वेगळी मिळते, त्यात मानसिक त्रासाचीही भरपाई असते. मालकाला प्रशिक्षण घ्यायला लावणं, बिल्डिंगमध्ये हक्कांची पाटी लावायला लावणं, असेही आदेश निघतात. तक्रार केली म्हणून कोणाला कामावरून काढलं किंवा भाडं वाढवलं, तर तो दुसरा, स्वतंत्र गुन्हा धरला जातो. ज्याला आयोगाकडे जायचं नसेल तो तीन वर्षांत थेट कोर्टात जाऊ शकतो. मात्र दोन्ही दारं एकाच वेळी ठोठावता येत नाहीत.

दहापैकी सात जण गप्प

एवढी व्यवस्था असूनही लोक येतात का? आयोगाने २०१६-१७ मध्ये शहरातल्या मुस्लिम, अरब, दक्षिण आशियाई, ज्यू आणि शीख रहिवाशांचं सर्वेक्षण केलं. ३,१०० हून जास्त लोकांनी उत्तरं दिली. २०१८ मध्ये अहवाल निघाला. त्यातली आम्हाला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट ही, की ज्यांच्याशी धर्म किंवा वंशावरून वाईट वागणूक झाली, त्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी कुठल्याच सरकारी ऑफिसला किंवा सामाजिक, धार्मिक संस्थेला ते कळवलं नव्हतं.

म्हणजे कायदा आहे, ऑफिस आहे, फी नाही, तरी दहापैकी सात गप्प. कारणं आपल्याला पाठ आहेत. काय उपयोग? कशाला वाढवायचं? उद्या अजून त्रास झाला तर? आमच्या दाखला मागायला आलेल्या पालकांचं तोंड आठवलं.

म्हणून आयोगाचा दुसरा अर्धा भाग, वस्तीत जाऊन काम करणारा, तितकाच महत्त्वाचा. मशिदीत, गुरुद्वाऱ्यात, चर्चमध्ये, शाळेत, बाजारात हे लोक जातात, हक्क समजावतात. २०१६ मध्ये आयोगाने शहरातल्या मुस्लिम रहिवाशांचे फोटो आणि त्यांच्या गोष्टी घेऊन एक प्रचार मोहीम चालवली. 'हे तुमच्याच शहरातले लोक आहेत' एवढाच तिचा निरोप होता. भाषेचाही विचार आहे. २०१७ च्या शहराच्या कायद्याने सरकारी सेवांसाठी १० भाषा ठरवल्या, त्यांत बंगाली, अरबीबरोबर उर्दूही आहे. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते वाचकांनी समजून घ्यावं.

या आयोगाला काय जमत नाही

सगळं गोड गोड लिहिणं बरोबर होणार नाही. हा आयोग पोलीस नाही. मारहाण, धमकी, जाळपोळ झाली तर पोलिसांकडेच जावं लागतं, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी शहरात वेगळं नागरी मंडळ आहे. आयोगाची सगळ्यात मोठी दुखरी नस म्हणजे वेळ. माणसं कमी, तक्रारी जास्त, त्यामुळे एखादं प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळतं. कौन्सिलच्या सुनावण्यांत यावर वारंवार टीका झाली आहे. सदस्य महापौर नेमतात आणि पैसा शहराच्या बजेटमधून येतो, म्हणून जो महापौर या कामात लक्ष घालत नाही त्याच्या काळात आयोग नुसता कागदावर उरण्याची भीती असते. कायदा कितीही धारदार असला तरी तो चालवायला हात लागतात.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

इथे एक जुनी गोष्ट आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे. तिथून आणि लंडनहून ते १९१७ मध्ये परतले आणि बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला घर मिळालं नाही. एका पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावं लागलं, आणि तिथूनही लोक काठ्या घेऊन आले तेव्हा बाहेर पडावं लागलं. घर नाकारणं म्हणजे काय, हे आपल्या घटनेच्या शिल्पकाराने स्वतः भोगलेलं आहे.

घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते इथे धर्म, जात, लिंग यावरून कोणाला अडवता येणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. भाड्याच्या खाजगी घराचा उल्लेख मात्र तिथे नाही. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय आयोग आला, पुढे महाराष्ट्राचा राज्य आयोग आला. तिथे फी लागत नाही, साध्या कागदावर अर्ज चालतो, घटनेपासून एक वर्षाची मुदत असते. पोलिसांनी कोठडीत मारलं, सरकारी दवाखान्याने हयगय केली, अधिकाऱ्याने हक्क डावलला, तर हे दार जरूर ठोठवावं. पण दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. हा आयोग सरकारी नोकरांनी केलेल्या किंवा होऊ दिलेल्या अन्यायाची चौकशी करतो, खाजगी घरमालकाची नाही. आणि चौकशीनंतर तो शिफारस करतो, न्यूयॉर्कसारखा दंड ठोकत नाही. महानगरपालिकेच्या पातळीवर तर भेदभावाची तक्रार घेणारं असं ऑफिसच आपल्याकडे नाही.

२००६ मध्ये न्या. राजिंदर सच्चर समितीने संसदेपुढे आलेल्या अहवालात 'समान संधी आयोग' नेमायची शिफारस केली होती. सच्चर अहवाल म्हटला की आपल्याकडे शिक्षण आणि नोकरीचे आकडेच जास्त बोलले जातात, ही शिफारस मागे राहते. २००८ मध्ये माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने त्याचा आराखडाही दिला. आयोग आजपर्यंत आलेला नाही.

मग हात बांधून बसायचं का? नाही. सहकारी सोसायटीत घर विकत घेत असाल, तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे अपील करता येतं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका पारशी सोसायटीचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा उपविधी मान्य केला होता, तेवढी अडचण आहे. पण बहुतेक सोसायट्यांच्या उपविधीत अशी अट लिहिलेलीच नसते. ती फक्त सेक्रेटरीच्या तोंडात असते. म्हणून आधी उपविधीची प्रत मागा. 'सोसायटीवाले नको म्हणतात' हे वाक्य एजंटकडून ऐकून गप्प परतू नका. कुठल्या नियमाने, असं लेखी विचारा.

आणि सर्वांत सोपं काम, ज्याला वकील लागत नाही. वही ठेवा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाला फोन केला, कुठलं घर, भाडं किती ठरलं, नाव सांगितल्यावर समोरचा नेमकं काय म्हणाला. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. घर गेलं म्हणाले तर चार दिवसांनी जाहिरात अजून आहे का ते बघा, परत स्क्रीनशॉट घ्या. जे बोलणं झालं ते शेवटी मेसेज करून पक्कं करा. 'काल आपण अमुक म्हणालात, बरोबर ना?' एका माणसाची वही कदाचित काही करणार नाही. पण एका मोहल्ल्यातल्या चाळीस वह्या एकत्र केल्या, तर नगरसेवकापुढे, अल्पसंख्याक आयोगापुढे, उद्या कोर्टापुढे ठेवायला काहीतरी हातात असेल. न्यूयॉर्कचा आयोगसुद्धा आधी कोणीतरी मोजलं, लिहिलं, मांडलं म्हणूनच उभा राहिला.

त्या पालकांना दाखला आम्ही दिला, द्यावाच लागला. सोबत शाळेच्या कपाटातली एक शंभर पानी वहीही दिली आणि पहिल्या पानावर रकाने आखून दिले. तारीख, वेळ, नाव, काय म्हणाले. ते म्हणाले, "सर, अब तो घर मिल गया." आम्ही म्हटलं, "तुम्हाला मिळालं भाई, आता आठवतंय तेवढं तरी लिहा. पुढच्या माणसाच्या कामाला येईल."

मशिदीच्या कमिट्यांनी, मोहल्ल्यातल्या तरुण मंडळांनी, बचत गटातल्या बायकांनी अशी एकेक वही सुरू करावी, एवढीच आमची विनंती आहे.